परसरामकाकांचं गाडलेलं विवर

परसरामकाका दगड आधी चाटतात, मग पाहतात. गावात बोअरचं यंत्र लागलं की उडालेली भुकटी चिमटीत धरायची, जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि खोली सांगायची. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बोअरच्या यंत्रावरच काढली. सून म्हणते, "वरणात मीठ नाही हे बाबाले समजत नाही, दगडातलं बरं समजते!"

काकांचं ठाम मत असं, की आमच्या शिवाराखाली लोणारसारखं विवर गाडलेलं आहे. आभाळातून उल्का पडली, दगड भाजून लाल झाला, वर माती बसली. पुरावा म्हणून घरभर भुकटीच्या पुड्या, प्रत्येकीवर गावाचं नाव आणि फूट. लाल भुकटी निघालेली गावं नकाशावर जोडली की चक्क गोल होतो. चहाला आलेल्या माणसासमोरही पुडी उघडते. "वरचं सोडा, खालचं बोला!"

मुलगा विनोद दरवर्षी बायको आणि लेकीला घेऊन ऊसतोडीला जातो. सहा महिने काका घरात एकटे. यंदा त्यांनी मुकादमालाच थांबवलं. "विवर निघालं तं लोक पाहाले येतील. विनू हाटेल टाकीन. कायले जाते मंग?"

मी त्यांच्या शेजारचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर. कॉलेजच्या प्रवेशाला काकाच सोबत आले होते, भूशास्त्र घेतलं तेही त्यांच्याच नादानं. म्हणून पुड्या कॉलेजच्या सरांकडून तपासून आणल्या.

उल्केच्या दणक्यानं दगड चुरतो, वितळून त्याची काच होते. यात तसलं काहीच नव्हतं. लाल थर म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमधली भाजलेली माती, ती वऱ्हाडात कुठंही निघते. आणि गोल? मधे सरकारी जंगल, तिथं बोअर कोण मारणार? यंत्र भोवतालच्या गावांतच फिरलं, खुणाही तिथल्याच.

हे सगळं मी अंगणात उभ्यानंच सांगितलं.

"एकाही पुडीत काच नाही?"

"नाही, काका."

"सरानं नीट पाह्यलं ना?"

"दोनदा."

काका घरात तोंड करून म्हणाले, "विनू, मुकादमाले हो म्हण."

आत भांडी वाजायची थांबली. काका माझ्याजवळ सरकले. "नात पहिलीत हाये. लहान हाये, मायशिवाय राहात नाही, न्याच लागते. शाळेत जाऊन सांगशीन का, तिचं नाव कापू नोका म्हणून. पोरगी वापस येते."

"तुम्हीच सांगा ना, काका."

"माह्यं कोण ऐकते? तू शिकेल हायेस."