गार बिस्किटांचा आरोपी

यंदा गावच्या बंबाचा कॅप्टन मीच होणार, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. टेनेसीच्या आमच्या डोंगरात आग विझवायला पगारी माणसं नाहीत, आम्ही हौशी मंडळीच धावतो. पाइप धरून धरून माझे केस पांढरे झाले. नोव्हेलीनच्या खानावळीचं स्वयंपाकघर पेटलं, तेव्हा आत घुसणारा मीच पहिला! मग मला मत न द्यायला लोकांना काय झालं होतं?

गाणं झालं होतं!

माझी बायको अर्लेटा गाणी लिहिते. नवीन लग्न झालं होतं तेव्हा एका संध्याकाळी शेजाऱ्याची गाय चिखलात रुतली. ती ओढून काढता काढता मला जेवायला उशीर झाला आणि बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे छोटे गरम पाव, ताटात तशीच राहिली. हिने बसल्या बसल्या लिहिलं, ‘बिस्किटं गार झाली, तो काही आला नाही’. बस, एवढंच! मी आलो, तीच गार बिस्किटं रश्श्यात बुडवून खाल्ली आणि गाणं ऐकून टाळ्यासुद्धा वाजवल्या. पुढे नॅशव्हिलच्या एका गायिकेने ते गायलं आणि देशभरातले ट्रकवाले गाडी कडेला लावून रडायला लागले.

इथपर्यंत ठीक होतं हो! पण गाजलेलं गाणं बाकीचे गायक सोडतात थोडंच? एका काउबॉय टोपीवाल्याने ते आपल्या पद्धतीने गाऊन त्याचं कव्हर केलं, त्यात मी बायकोला सोडून जाताना पिकअप गाडी घेऊन गेलो. पुढच्या कव्हरमध्ये कुत्रा नेला. मग नाचाचं कव्हर आलं, त्यात ढिंगचॅक ठोक्यावर सासूची अंगठीसुद्धा नेली! अहो, सासूबाईंना अंगठी नव्हतीच! दर नव्या गायकागणिक मी काहीतरी नवीन पळवतो.

आणि आमच्या गावाला डोळ्यांनी बघितल्यापेक्षा गाण्यातलं खरं वाटतं. मी पेट्रोल भरायला गेलो की लोक आपापली कुत्री गाडीत घेतात.

“अगं, मी पळून गेलो असतो तर इथे बसून कॉफी कशी पीत असतो?” मी एकदा नोव्हेलीनला विचारलं.

“परत आलास ना! तिचं मन मोठं, म्हणून घरात घेतलं.”

“आणि तो पिकअप? दारातच उभाय की!”

“तेवढी तरी लाज वाटली म्हणायची.”

त्या दिवशी मी घरी येऊन नुसता बसून राहिलो. ज्यांच्या घरांच्या आगी विझवल्या तेच आपल्याला चोर समजतात, याचं फार वाईट वाटतं. अर्लेटाने माझं तोंड बघितलं आणि गिटार उचललं.

“गाण्याने केलंय ना हे? मग गाणंच निस्तरेल!”

गाण्याला गाण्याने उत्तर द्यायची आमच्याकडे जुनी रीत आहे. तिने लिहिलं ‘कोपऱ्याचा तुकडा’. त्यातला नवरा पीचच्या कॉब्लरचा, म्हणजे ट्रेमध्ये भाजलेल्या फळांच्या गोडाचा, कोपऱ्याचा खरपूस तुकडा दरवेळी बायकोला देतो आणि ‘मला मधलाच लिबलिबीत आवडतो’ असं म्हणतो. खोटं बोलतो लेकाचा, असं शेवटचं कडवं. मी इतकी वर्षं हेच खोटं बोलतोय, हे तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी बाहेर जाऊन नाक शिंकरून आलो.

रविवारी तिने ते चर्चमध्ये गायलं. बायका ढसाढसा रडल्या. मी पहिल्या बाकावर ताठ बसलो. मतं खिशात!

सोमवारी सकाळी दारात नोव्हेलीन, हातात चीज-मॅकरोनीचा भला मोठा ट्रे. आमच्याकडे असे ट्रे येतात ते घरातलं कुणी गेलं तरच.

“कोण गेलं?” माझी बोबडीच वळली.

तिने मला गच्च मिठी मारली. “कोण रे तो?”

“कोण कोण?”

“तो भला माणूस! कोपऱ्याचा तुकडा देणारा! अर्लेटाला भेटला तरी कुठे?”

“अगं, तो मीच!”

“हो हो, बाळा,” ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “बायकोचं बाहेर काही असलं की पहिल्यांदा असंच वाटतं.”

संध्याकाळपर्यंत फ्रिजचं दार लागेना! पाद्री ब्रदर हॉलिस प्रार्थनेला आले आणि त्यांनी नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे अशा काही नजरेने बघितलं की तो पाना टाकून पळाला. नळ अजून गळतोय.

कुत्रा पळवणारा मी एका दिवसात ‘बिचारा डेल्मर’ झालो! मत तर आता प्रत्येकाचं मिळणार होतं. मी खुशीत मॅकरोनी हाणत होतो, तेवढ्यात अर्लेटा खानावळीतून परतली.

“नोव्हेलीन म्हणाली, नारळाचा केक संपला. समोर काचेखाली अख्खा होता.” तिने पर्स टेबलावर टाकली. “इतकी वर्षं कसं रे सोसलंस तू हे?”

मी मॅकरोनीचा ट्रे बाजूला सारला.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बंबवाल्यांचं जेवण होतं आणि जेवणानंतर निवड. ब्रदर हॉलिस उठले. “उमेदवार एकच. आपला बिचारा डेल्मर.”

“बिचारा म्हणू नका!” मी ताडकन उभा राहिलो. “तो भला माणूस मीच आहे! आणि माझ्या बायकोला या गावात केक मिळणार नसेल तर मला नको तुमची कॅप्टनकी. पेटू दे गाव!”

बंबवाल्याने असं बोलू नये, पण गेलं तोंडातून.

“दुःखाने डोकं फिरलंय हो त्याचं,” मागून कुणीतरी हुंदका दिला.

मी धुसफुसत खाली बसलो. नोव्हेलीन कॉब्लर वाढत आली. दया म्हणून तिने कोपऱ्याचा तुकडा माझ्या ताटात वाढला आणि मधला लिबलिबीत अर्लेटाला. मी पुटपुटत, शिव्या देत, न बघताच माझा तुकडा अर्लेटाच्या ताटात सरकवला आणि तिचा इकडे ओढला. डोकं रागात होतं, हात आपले रोजचं काम करत होते.

वर बघतो तर नोव्हेलीनचा डाव हवेत तसाच.

“अगं बाई! हाच की तो!” ती किंचाळली. “दरवर्षी माझ्या डोळ्यांदेखत हेच करतोस की रे, मेल्या!”

मग काय, हातच हात वर! नोव्हेलीन रडत रडत घरी गेली आणि अख्खा नारळाचा केक आणून अर्लेटापुढे ठेवला.

कॅप्टनची टोपी मी झोपतानाही काढेना. आणि मग नॅशव्हिलहून फोन आला. तोच, मला पिकअप न्यायला लावणारा टोपीवाला! त्याला आता ‘कोपऱ्याचा तुकडा’ गायचं होतं. अर्लेटाने फोनवर हात ठेवला.

“डेल्मर, गाणं फार आवडलं म्हणतोय. फक्त एक छोटासा बदल हवाय.”

“या वेळी काय पळवतो मी?”

“काही नाही रे. शेवटच्या कडव्यात तू मरतोस. हो म्हणू?”

मी तिला मानेनेच हो म्हटलं आणि मुकाट्याने उठून फ्रिजमध्ये ट्रेंसाठी जागा करायला लागलो.