कंबरेसाठी बांधलेली झोळी

वलगावात कंबरदुखीचे रोगी शेकड्यानं असतील, पण त्या दुखण्याची मुळासकट खोड मोडणारा माणूस एकच, तो म्हणजे मी! असं त्या चैतात मी छाती पुढे काढून सांगत होतो. म्हणजे छातीच पुढे निघायची. कंबर मागे राहिलेली असायची.

साल विचाराल, तर कापसाला वेड लागल्याचं. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी गोरे गोऱ्यांशी लढत होते आणि त्यांच्या भांडणापायी आमच्या वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला सोन्याची बोंडं लागली होती. जो तो रस्त्यावर! मीही अख्खा हिवाळा अमरावती ते अकोला, अकोला ते अमरावती, दमणीत बसून काढला. दमणी म्हणजे आमची हलकी गाडी. बैल वाऱ्यासारखे पळतात, पण वाटेतला एकेक धोंडा ती थेट मणक्यापर्यंत पोचवते. होळी येईस्तोवर मी विळ्यासारखा वाकलो होतो.

इलाज काय कमी केले? तेल झालं, शेक झाला, एरंडाची पानं झाली. पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाची लाथ कंबरेत बसली की दुखणं पळतं म्हणतात. गावात पायाळू एकच, महादेवराव पाटील. त्याचं नि माझं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाकडं. पण मी अडलेला! गेलो, पाठ करून उभा राहिलो. धुऱ्याचं सगळं भांडण त्यानं त्या एका लाथेत मिटवलं. मी चार दिवस पालथा पडून होतो.

अशात माझी बायको सुभद्रा भावाच्या मुलीच्या लग्नाला अकोल्याला गेली. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच. लेकरू नाही. त्याबद्दल ती बोलत नसे, मीही बोलत नसे, आणि न बोलण्यानं सगळं ठीक चाललंय अशी माझी समजूत होती.

ती गेली आणि आमचा गाडीवान गोवर्धन मुंबईहून परतला. कापसाच्या गाड्यांबरोबर तो पार समुद्रापर्यंत जाऊन आलेला. माझी चाल पाहून म्हणाला, "मालक, बाजेवर काहून निजता? जहाजावरचे खलाशी पाहा. झोळी बांधतेत अन् तिच्यात निजतेत. एकाचीबी कंबर वाकडी नाही!"

"पडत नाहीत?"

"समुद्र हालते, थे नाही हालत!"

मला पटलं. ताबडतोब सुभद्राची पेटी उघडली, तिचं जुनं पण जाडजूड नागपुरी लुगडं काढलं, दुहेरी केलं आणि माजघराच्या आढ्याला दोराच्या गाठी मारून झोळी टांगली. पहिल्यांदा चढलो, तर ज्या बाजूनं गेलो तिच्या पलीकडच्या बाजूनं बाहेर! दुसऱ्यांदा डोकं आत, पाय आढ्याला! पण चौथ्यांदा जे जमलं, ते असं जमलं की काय सांगू! कंबर अशी विसावली जशी बोंडात सरकी. तेव्हापासून रोज दुपारी जेवलो की मी झोळीत.

तिसऱ्या दिवशी शेजारची मैनाबाई चाळणी परत करायला आली. मी नुकताच उतरलो होतो. रिकामी झोळी हलत होती.

"काहो किसनभाऊ, हे झोळी कोणासाठी?"

आता तुम्हीच सांगा! ज्या माणसाला अमरावतीच्या बाजारात गोरा साहेब रामराम करतो, त्यानं गावच्या बाईला सांगायचं, की तान्ह्या पोरासारखा मीच झोळीत निजतो? मी म्हणालो, "हाये एका पाहुण्यासाठी."

"लहान पाहुणा?"

मी नुसता हसलो. ते एक हसू मला आज परत घेता आलं असतं, तर मी त्याच्या बदल्यात कंबरसुद्धा देऊन टाकली असती.

"सुभद्राबाईले ठाव हाये का?"

लुगडं तिचं, आणि आढ्याशी घासून त्याला दोन भोकं पडलेली. मी ओशाळून म्हणालो, "तिले नाही सांगतलं अजून. आल्यावर पाहू काय थे. रडन जराशी, मंग राहीन गप."

मैनाबाईचे डोळे चाळणीएवढे झाले. चाळणी माझ्या हातात कोंबून ती जी निघाली, ती चप्पल विसरून!

दुसऱ्या दिवशी कोणीतरी ओसरीत लाकडी खुळखुळा ठेवून गेलं. तिसऱ्या दिवशी बाळगुटीची पुडी. मला वाटलं, शेजारच्यांची वस्तू चुकून इकडे आली! आणि संध्याकाळी चक्क महादेवराव पाटील घरी आला. बसला, खाकरला आणि म्हणाला, "किसनराव, मी पडलो परका, पण सांगतो. जुनं थे सोनं असते. वीस वर्साची साथ हाये."

म्हणजे लुगड्याची बातमी पाटलापर्यंत गेली होती! मी म्हणालो, "सोनं कबूल, पाटील. पण आता थ्यात जोर नाही राहिला. कवा फाटन नेम नाही."

"असं बोलू नये, बावा! जीव तुटते ऐकून."

"मले काय हौस हाये? पण कंबरेसाठी कराव लागलं!"

पाटील माझ्याकडे असा बघत राहिला, जणू माझ्या डोक्यावर शिंगं फुटली होती. "कंबरेसाठी!" एवढंच पुटपुटला आणि पाणीही न पिता उठला.

इकडे मी झोळीत, तिकडे बातमी कापसाच्या गाड्यांवर. वलगावातून निघाली तेव्हा ती नुसती झोळी होती. बडनेऱ्यात तिच्यात लेकरू आलं. मूर्तिजापुरात त्या लेकराला आई मिळाली, वरूडकडची, गोरीपान, वीस वर्षांची. अकोल्याला पोचली तेव्हा किसनरावानं दुसरा घरोबा करून दोन महिन्यांचा मुलगा घरात आणला होता!

हे सगळं मला मागून कळलं. झोळी टांगल्याच्या त्या दहाव्या दिवशी मला काहीच ठाऊक नव्हतं. दुपार होती, माश्या होत्या, म्हणून लुगड्याचा काठ तोंडावर ओढून मी झोळीत मुटकुळं करून पडलो होतो. कंबरेत चमक भरली होती, त्यामुळे हलायची सोयच नव्हती. अर्धवट झोपेत बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मग दारात पावलं. मग माझा मेहुणा नत्थुजी गरजला, "कुठी हाये थो भाऊजी? आज हाडं मोकळी करतो त्याची!"

आणि सुभद्राचा आवाज, अगदी हळू. "दादा, हळू बोल ना. लेकरू निजलं असन."

बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला माजघरातला अंधार काही दिसू देत नाही. ती चाचपडत जवळ आली. झोळीला हात लावला. आणि जोजवायला लागली.

मला कोणी असं जोजवलं नव्हतं. मी डोळे मिटून गप्प पडलो. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं!

नत्थुजी मागून म्हणाला, "चांगलंच धष्टपुष्ट दिसते पोट्टं!"

सुभद्रा वाकली. माझ्या डोक्याच्या जवळ तोंड आणून म्हणाली, "तुयी काय चूक रे राजा. तू कायले भेतं? मी हाओ ना."

तेव्हा कुठे मला काहीतरी चुकतंय असं वाटलं. मी काठ बाजूला केला आणि मिशांसकट तोंड बाहेर काढलं.

सुभद्रा किंचाळली. नत्थुजी तिच्याहून मोठ्यानं किंचाळला! मी दचकून उठायला गेलो, दोराची गाठ सुटली, आणि मी धोंड्यासारखा खाली, लुगडं माझ्यावर, आणि लुगड्यावर नत्थुजीची काठी! आरडाओरडा ऐकून मैनाबाई आली, गोवर्धन आला, मागून पाटील आला. मी लुगड्यातून डोकं काढून ओरडलो, "अरे, मारता काहून? कंबर दुखते म्हणून झोळीत निजलो होतो मी!"

मग गोवर्धन फिसकन हसला आणि माजघर हसण्यानं भरून गेलं. पाटील भिंत धरून हसत होता. नत्थुजीनं काठी टाकून डोक्याला हात लावला. सगळ्यांत मोठ्यानं हसलो मी. सुटलो होतो ना! झोळी, पाहुणा, पाटलाचं सोनं, सगळं आता मला कळलं होतं. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं.

हसत नव्हती ती एकटी सुभद्रा. तिच्या हातात एक कुंची होती, तान्ह्या मुलाच्या डोक्याला घालतात ती. तांबडी, काठाला मोती लावलेली. बातमी ऐकून दोन दिवस ती जेवली नव्हती, असं नत्थुजीनं नंतर सांगितलं. तिसऱ्या दिवशी उठली, कापड मागितलं आणि अकोल्यापासून वलगावपर्यंत चालत्या गाडीत बसून तिनं ती शिवली होती. टाके सगळे वेडेवाकडे.

"म्हंजे कोणीच नाही?" तिनं विचारलं.

"कोणीच नाही!" मी हसत हसत सांगितलं. जसं काही कापसाचा भाव चढल्याची खबर देत होतो! "अवं, लेकरू कुठचं? मीच होतो!"

तिनं कुंचीची घडी घातली. आणखी एक घडी घातली. मग ती लहानशी घडी मुठीत धरून आत गेली.

माणसं पांगली. नत्थुजीनं माफी मागितली, जेवला आणि बैल विसावल्यावर निघून गेला. मला बाजेवर पालथं टाकलं होतं. दिवेलागणीला सुभद्रा तव्यावर मीठ तापवून, फडक्यात बांधून घेऊन आली. शेकायला बसली. मी पालथा, त्यामुळे तिचं तोंड दिसत नव्हतं. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "तुयं लुगडं फाटलं, त्याचा राग नको धरू. अमरावतीहून नवं आणतो. जरीकाठी."

तिचा हात थांबला.

"लुगड्याचं कोण बोलून राहिलं?" ती म्हणाली.

मला खूप काही बोलायचं होतं. वीस वर्षांचं होतं सगळं, आणि एकाही शब्दाला तोंडाची वाट ठाऊक नव्हती. तेवढ्यात तिनं मिठाची पुरचुंडी कंबरेवर दाबली आणि दाबूनच धरली.

"आवं, आवं! भाजते ना!"

"भाजू द्या," सुभद्रा म्हणाली.

मी उशीत तोंड खुपसलं आणि भाजू दिलं.