कोंदणाची परीक्षा

तुषारच्या करंगळीत अंगठी अडकली तेव्हा साखरपुड्याला पाच दिवस राहिले होते. आणि अंगठी त्याची नव्हती. होणाऱ्या बायकोची होती.

होणारी बायको म्हणजे अश्विनी. गुरांची डॉक्टर. भोपाळच्या आसपास कुठं म्हैस अडली की हिला फोन. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवायचा आणि हात आत घालायचा, हे रोजचं काम. आधीचं एक स्थळ मोडलं ते या कामावरूनच. मुलाची आई म्हणाली, "लग्नानंतर हे शेणातलं बंद हं." अश्विनीनं चहाचा कप बशीत ठेवला आणि उठून चालू लागली.

म्हणून तुषारला तिनं बाग सेवनियाच्या चहाच्या टपरीवर पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं.

"बघ हं. मागं ताईची अंगठी घातली होती मी. खडा वर उभा, चार नख्यांत धरलेला. मोजा टर्रकन फाटला. मग कामाला जाताना काढून ठेवायला लागले, तर एक दिवस वैरणीत गेली ती गेलीच. जी अंगठी कामाला उतरवावी लागते, ती मला नको. घालायची तर कायमची."

"माझ्यावर सोड," तुषार म्हणाला.

आता, माझ्यावर सोड म्हणणाऱ्या माणसाच्या घरी आई असते, हे तो साफ विसरला होता.

अनुराधाबाई मूळच्या नागपूरच्या. वडिलांच्या सरकारी नोकरीपायी टी. टी. नगरच्या क्वार्टरात वाढल्या, लग्न होऊन कोलार रोडला आल्या, पण नागपूर काही तोंडातून गेलं नाही. त्यांचं म्हणणं एकच. अंगठी हॉलच्या शेवटच्या खुर्चीवरून दिसली पाहिजे.

"ग्वाल्हेरच्या कमलआत्या येऊन राहिल्या. त्या सोनं दाताखाली धरल्याबिगर मानत नाहीत, माहीत आहे ना तुला? त्यांच्यापुढं का मी लाज काढून घेऊ?"

वडील प्रकाशराव या विषयावर पेपर वाचत होते.

चौकातल्या सराफाकडं अनुराधाबाईंनी चार नख्यांवर उभा असलेला हिरा पसंत केला. तुषारनं दुसरी अंगठी पुढं सरकवली. तिचं कोंदण बंद. हिऱ्याला सोन्याच्या काठानं चहूबाजूंनी आवळून धरलेलं, वरून बोट फिरवलं तर काही म्हणता काही टोचत नाही.

"हा हिरा आहे का विहिरीतला बेडूक?" आई म्हणाली. "वाकून बघावं लागते!"

सराफ चष्म्यावरून तुषारकडं बघत हळूच म्हणाला, "भैया, माताजी को दिखना चाहिए, बहूजी को टिकना चाहिए. आप सोच लो, डाँट किसकी खानी है."

तुषारनं दोन दिवस विचार केला. मग एकटाच गेला आणि बंद कोंदणाची अंगठी घेऊन आला. घरी बोलला नाही. साखरपुड्यात चार लोकांपुढं आई काय ओरडणार, असा त्याचा हिशोब.

इथपर्यंत ठीक होतं. पण तुषार कॉम्प्युटरच्या कंपनीत टेस्टिंगचं काम करायचा. दुसऱ्यानं बनवलेली गोष्ट कुठं मोडते ते शोधायचं, याचा त्याला पगार. असला माणूस न तपासता अंगठी देतो होय? रविवारी सकाळी आई न्यू मार्केटला गेली, वडील नाटक मंडळींच्या मीटिंगला गेले, आणि यानं अश्विनीची अंगठी स्वतःच्या करंगळीत घातली.

आधी कणीक मळली. खडा हलला नाही. मग जळलेली कढई तारेच्या घासणीनं घासली. खडा हलला नाही. आता राहिली म्हैस. म्हैस घरात नव्हती. त्यानं गव्हाची कोठी उघडली, खांद्यापर्यंत हात खुपसला, आत गरागरा फिरवला, मूठ आवळली आणि खच्चून बाहेर ओढला. असं वीसदा. स्वयंपाकघरभर गहू झाले, पण कोंदणाला खरचटलंही नाही.

"वा रे पठ्ठे!" तुषार अंगठीला म्हणाला आणि ती काढायला गेला.

निघेना.

साबण लावला. खोबरेल लावलं. बर्फात बोट धरलं. दारात बोट अडकवून ओढायला गेला तर डोळ्यांपुढं काजवे चमकले. करंगळी फुगून लाल गाजर झाली. आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली.

यानं कपाटातून पट्टी काढली आणि हाताला अशी गुंडाळली की हाताचा कोबी झाला.

"अरे देवा! काय करून बसला?" दारातच आईची पिशवी खाली पडली.

आता सांगायचं तर अंगठी दाखवायला लागणार, अंगठी दाखवली की कोंदण दिसणार. जिन्याखाली कुणीतरी खोकलं. खोकणारा म्हणजे तळमजल्यावरच्या उदयकाकांचा कुत्रा, बादशाह.

"कुत्रं चावलं," तुषार म्हणाला.

"कुठलं?"

"बादशाह."

कॉलनीत चाळीस कुत्री. त्यांतली दहा खरंच चावरी. पण तोंडाला जे नाव आलं ते आलं. बादशाह चौदा वर्षांचा, तोंडात एक दात नाही. दूध-पोळीचा काला वाडग्यातून चावायचाही नाही, थेट गिळायचा. समोर पडलं की गिळलं, मग विचार.

अनुराधाबाई तळमजल्यावर.

"उदयभावजी! तुमच्या कुत्र्यानं माझ्या पोराला फाडलं!"

उदयकाका इंदूरचे, बाई असो की बुवा, मधूनच 'भिया' म्हणणारे. एवढ्या तेवढ्यानं हलणारा गडी नव्हे. "कोण, हा? अहो वहिनी, याला पोळी चावत नाही, तुषार काय चावणार! हे बघा, दातच नाहीत." त्यांनी बादशाहचा जबडा फाकवला.

"जवळ आणू नका! सगळे कुत्रेवाले हेच म्हणतात. दहा दिवस त्याला साखळीला बांधा, नजर ठेवा. पिसाळला तर?"

"तो उठून बसला तरी मी पेढे वाटतो, भिया, आणि तुम्ही पिसाळायचं काय घेऊन बसलात!"

अनुराधाबाईंनी तिथूनच फोन लावला. कुणाला? तर होणाऱ्या सुनेला. कुत्र्याचं तिला नाही कळणार तर कुणाला?

वर तुषारनं हे ऐकलं आणि तो खुर्चीत बसला तो बसलाच.

अर्ध्या तासात अश्विनी आली. गमबूट दाराबाहेर काढले, हातात बॅग. मागून उदयकाका बादशाहला काखेत घेऊन आले, आरोपीला बाजू मांडायचा हक्क असतो म्हणून.

अश्विनीनं पट्टीकडं बघितलं. बादशाहकडं बघितलं. बादशाहनं तिला ओळखून शेपटी हलवली.

"किती दात लागले?"

"चार," तुषार म्हणाला. "दोन वरचे, दोन खालचे."

"खोल?"

"चांगलेच खोल."

"अरे बापरे." तिनं मान हलवली. "काकू, मग थांबून चालायचं नाही." बॅगेतून तिनं एक पितळी सिरिंज काढली. चांगली मनगटाएवढी जाड. "ही म्हशीची आहे. पण आता रविवारी माणसाची कुठं शोधत बसू? पालथा झोप."

"पालथा?"

"म्हशीला उभ्यानं देतात. तुला चालेल का?"

"थांब!" तुषार खुर्चीच्या मागं गेला. "नाही चावला! बादशाह नाही चावला!"

"ते मला माहीत आहे रे. त्याचे शेवटचे दोन दात गेल्या वर्षी मीच काढले. खरं काय ते बोल."

उदयकाका छाती काढून उभे राहिले. तुषारनं पट्टी सोडायला घेतली. सुटता सुटता सगळं सांगितलं, चौकापासून गव्हाच्या कोठीपर्यंत. शेवटचा वेढा निघाला आणि सुजलेल्या करंगळीत अंगठी चमकली.

"ही कोणती?" अनुराधाबाई किंचाळल्या. "माझी चार नख्यांची कुठं आहे? हा तर तो बेडूक!" आणि लगेच त्याहून मोठं संकट त्यांच्या ध्यानात आलं. "अगं अश्विनी, डोळे मीट! साखरपुड्याआधी अंगठी बघू नये! अपशकुन होतो!"

"मिटले," अश्विनी म्हणाली.

"आता काढणार कशी?"

"काकू, म्हशीच्या पोटात काय दिवा असतो? मी रोज न बघताच काम करते. थोडं तूप द्या."

साजूक तुपाची वाटी आली. अश्विनीनं डोळे मिटून तुषारचा हात मांडीवर घेतला आणि अंगठीवरून बोट फिरवलं. एकदा फिरवलं, परत फिरवलं. खड्यावरून काठावर, काठावरून खड्यावर. कुठं अडलं नाही.

"गुळगुळीत आहे," ती हळूच म्हणाली.

"मोजा फाटणार नाही," तुषार म्हणाला. "कामाला जाताना काढायची नाही."

 अश्विनी हात जरा जास्तच वेळ धरून बसली, हे उदयकाकांनी बघितलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

मग तिनं बॅगेतला टाके घालायचा दोरा काढला, एक टोक अंगठीखालून सरकवलं, बाकीचा बोटाला घट्ट गुंडाळला, वरून तुपाचा लेप दिला.

"ओढ ना जोरात!" अनुराधाबाई म्हणाल्या.

"अडलेलं पारडू ओढायचं नसतं, काकू. त्याला वाट करून द्यायची असते." आणि तिनं खालच्या टोकानं दोरा उलगडायला घेतला. अंगठी एकेक वेढा पुढं सरकत आली. पेरावर थबकली. तुषारनं दात आवळले. आणि मग सुळ्ळकन निसटून ती तुपासकट हवेत उडाली.

"पडली का? आवाज नाही आला," डोळे मिटलेली अश्विनी म्हणाली.

 उदयकाकांच्या काखेत बादशाह जिभेनं नाक चाटत होता.

"वहिनी," उदयकाका म्हणाले, "चावली नाही बरं का. गिळली."

दवाखान्यात एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर बादशाहच्या फासळ्यांखाली अंगठी पांढरी लख्ख. अनुराधाबाईंनी फिल्म खिडकीशी धरली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "इथून तर चांगली ठसठशीत दिसून राहिली!"

"पोट नाही ना फाडावं लागणार?" तुषारनं घाबरत विचारलं.

"बंद कोंदण आहे म्हणून वाचला. चार नख्यांची असती तर आतडी ओरबाडत गेली असती. आज टेबलावर घ्यावा लागला असता त्याला." अश्विनी अनुराधाबाईंकडं न बघता म्हणाली. "आता फक्त वाट बघायची."

मग सुरू झाली खरी नजर. उदयकाका सोफ्यावर पाय पसरून म्हणाले, "दहा दिवस लक्ष ठेवायचं ना, वहिनी? ठेवा!" सकाळ-संध्याकाळ बादशाहची साखळी अनुराधाबाईंच्या हातात. बादशाह जिथं थांबेल तिथं त्या थांबायच्या, वाकून बघायच्या. ज्या बाईला वाकून हिरा बघायचा नव्हता, ती कोलार रोडभर वाकली. शेजारणी विचारायच्या, "कुत्रा पाळला का हो?" तर म्हणायच्या, "नाही, दागिना आहे घरचा."

सोमवार कोरडा गेला. मंगळवारी बादशाहनं नुसती चेष्टा केली. बुधवारी सकाळी, साखरपुडा दोन दिवसांवर आलेला, कॉलनीच्या मागच्या लिंबाखाली बादशाह बसला, उठला आणि हलका होऊन चालता झाला. अश्विनी मोजा घालून हजर होती.

"काकू, डोळे मिटू का?"

"आता काय मिटतेस! काढ लवकर!"

अंगठी दवाखान्यात उकळली, औषधात बुडवली, घरी आणून हळदीच्या पाण्यात ठेवली, वर गंगाजल शिंपडलं. अनुराधाबाईंनी खिडकीत धरून नखानं खडा हलवून बघितला. खडा तसूभर हलेना. मग त्यांनी अंगठी स्वतःच डबीत ठेवली आणि डबीचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "बेडूक भक्कम आहे." आणि कामाला जाताना ती काढायची की नाही, हा विषय त्या घरात परत कधी निघाला नाही.

शुक्रवारी हॉल भरला. तुषारनं अश्विनीच्या बोटात अंगठी घातली. तिनं हात उलटा करून बघितला आणि त्याच्याकडं बघून डोळे मिटले, घट्ट. तुषारला हसू आवरेना. पहिल्या रांगेत उदयकाका नवा सदरा घालून आणि बादशाह गळ्यात लाल रिबीन बांधून, यजमानांचा खास पाहुणा म्हणून.

तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून कमलआत्या उठल्या. काठी टेकत आल्या.

"दिसत नाही गं तिकडून. जरा काढ, बघू दे सुनेचं सोनं."

अश्विनीनं अंगठी काढून दिली. आत्यांनी ती उजेडात धरली, फिरवली, आणि कुणी काही म्हणायच्या आत दाढेखाली घेतली. चांगली दाबली. जीभ फिरवली. डोळे मिटून विचार केला.

तुषारनं तोंड उघडलं. अनुराधाबाईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

"अस्सल आहे हो," कमलआत्या खूश होऊन म्हणाल्या. "हल्लीच्या सोन्याला अशी चव नसते."

"आत्या," अनुराधाबाई पेढ्यांचं अख्खं ताट त्यांच्यापुढं धरत म्हणाल्या, "आधी तोंड गोड करा. दोन-चार खा."