भाकर मोजणारे बसवंतअप्पा

आमच्या वाचनालयात रोज सकाळी अकराच्या सुमाराला कुणीतरी "लाभ!" म्हणून ओरडायचं. नवीन पोरं दचकायची. परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या एका मुलीनं तर पहिल्याच दिवशी चहा वहीवर सांडला होता. जुन्यांना मात्र ठाऊक असायचं, की बसवंतअप्पांना आजची पहिली भाकर सापडली.

भाकर म्हणजे खायची नव्हे, छापलेली.

अप्पा लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, जन्मभर मापाडी होते. धान्याचं पोतं काट्यावर चढलं की मोठ्यानं आकडा पुकारायचा, हे त्यांचं काम. मापाडी मोजायला लागला की 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन, चार. वय झालं, काटा सुटला, पुकारणं काही सुटलं नाही. आता ते पुस्तकातले शब्द मोजतात. तेही एकाच पुस्तकातला एकच शब्द.

पुस्तक म्हणजे स्पेन देशातली एक जुनी, जाडजूड कादंबरी. मराठीत आणलेली, दोन भागांत, उशीला घ्यावी अशी. आमच्याकडं ती वर्षानुवर्षं कुणी हात न लावता पडून होती. अप्पांनी ती का उचलली हे मी एकदा विचारलं.

"फळीवर सगळ्यात वजनदार तीच दिसली," ते म्हणाले. "उघडली, तर चार गडी भुईवर बसून भाकर खायलेत अन् रस्त्यानं चाललेल्या परक्या माणसाला हाका मारायलेत, ये म्हणून. म्हटलं, ह्यो तर आपला मोंढाच हाय की!"

तेव्हापासून ते भाकर शोधत सुटले. गोष्टीशी त्यांना काही देणंघेणं नाही. कोण कुणाशी लढलं, कुणाचं लग्न लागलं, विचारलं तर म्हणायचे, "ते मला ठाव न्हाई, अक्का. पर मधी बावीस पानं भाकर आली न्हाई. माणसं उपाशी हिंडायलीत, अन् लिवणाऱ्याला त्याचं काहीच न्हाई!" आणि खरोखरच तेवढे दिवस त्यांचा चेहरा उतरलेला असायचा.

अनुवादकावर तर त्यांचा फार राग. स्पेनमध्ये ज्वारी कुठली, पाव असणार, एवढं त्यांनाही कळत होतं. पण त्या गृहस्थानं कुठं पाव लिहिलं, कुठं रोटी, कुठं भाकर. "माप बदलून चालत असतंय का? एका काट्यावर एकच वजन पायजे." शेवटी त्यांनी स्वतःच निकाल देऊन टाकला, की सगळी भाकरच धरायची.

त्यांच्या वहीत प्रत्येक भाकरीची नोंद असे. मागितलेली, दिलेली, हिसकून घेतलेली. कुणाची चाकरी सुटली तर 'भाकर गेली', ती निराळी. कुणी शपथेवर 'तुमची भाकर खाल्लीय' म्हणालं तर तिच्यापुढं खूण, कारण ती तोंडात गेली का नुसती बोलण्यात आली याबद्दल अप्पांना शंका असे. एकदा कौतुकानं मला म्हणाले, "एवढं मोठं बुक, पर एकट्यानं बसून खाल्लेली भाकर लई थोडी हाय बघा." मी हं म्हटलं आणि पावती फाडत राहिले.

मी इथली ग्रंथपाल. मूळची नांदेडची, लग्न होऊन लातुरात आले. स्वभाव तिखट, हे सासरचेही सांगतील. अप्पांच्या गमती मी येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगायची, "लाभ" ची नक्कल तर हुबेहूब करायची. लोक पोट धरून हसायचे. एकदा मी नक्कल करत होते आणि अप्पा दारात उभे होते. तेही हसले. मला तेव्हा ते बरंच वाटलं.

आता खरं ते सांगते.

आपल्याकडं डबा उघडला की समोरच्याला "या जेवायला" म्हणायची रीत आहे. समोरच्यानं नको म्हणायचं, हीसुद्धा रीतच. कुणी उठून येत नाही. एके दिवशी मी एक वाजता डबा उघडला, अप्पा समोर होते, मी म्हटलं, "या अप्पा, जेवायला." आणि अप्पा आले! खुर्ची ओढली, पिशवीतून फडकं काढलं, त्यात स्वतः थापलेल्या दोन भाकरी, कडा करपलेल्या, आणि शेंगदाण्याची चटणी. आपली भाकर त्यांनी मधोमध ठेवली आणि माझ्या पोळीचा तुकडा मोडून घेतला.

पहिल्या दिवशी मौज वाटली. पण ते रोज यायला लागले. एक वाजला की खुर्ची सरकायची. मचमच आवाज करत खाणं, मधेच सकाळच्या भाकरींचा हिशोब सांगणं, माझ्या भाजीत मीठ कमी आहे हेही सांगणं. वर पोरं कुजबुजायची, "म्याडमचा पाहुणा आला." माझं डोकं फिरलं. दिवसातून अर्धा तास काय तो माझा, त्यातही हा पाहुणचार!

एका सोमवारी ते खुर्ची ओढणार तोच मी म्हणाले, "अप्पा, आज उपास आहे मला."

"बरं, बरं," म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

मी डबा पदराखाली धरून मागच्या खोलीत गेले. तिथं फाटकी पुस्तकं आणि जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, बसायला जागा नाही. कपाटाआड उभ्यानंच खाल्लं. काय सांगू, फार गोड लागलं. मंगळवारी मी देवीचा उपास धरला, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. बुधवारला मात्र देवच आठवेना. मी अडखळले, तसे अप्पाच हळूच म्हणाले, "बुधवार पांडुरंगाचा असतोय, अक्का." मी लगेच मान डोलावली आणि सुटले.

असे दीड-दोन महिने गेले. सुट्टीचा दिवस सोडला तर मी आठवडाभर उपाशी, आणि अंगानं होते तशीच! एवढी भक्ती आमच्या घराण्यात कुणी केली नसेल.

मग एका दुपारी मी कपाटाआड शेवटचा घास घेत होते आणि बाहेर धाडकन आवाज झाला. पळत आले. अप्पा फळीजवळ खाली बसले होते, तोंड पांढरंफटक. पोरांनी धरलं, वारा घातला. एकीनं गूळ आणून तोंडात दिला. पिशवी उपडी झाली होती, फडकं सुटलं होतं. आत दोन्ही भाकरी तशाच, सकाळी बांधलेल्या. दुपारचा दीड वाजून गेला होता.

"जेवला नाहीत, अप्पा?"

"न्हाई."

"आजच, का रोजच?"

त्यांनी उपडी पिशवी सरळ केली. मला वाटलं, माझा उपास खरा धरून उपाशी बसले म्हातारबुवा! एवढा भोळा माणूस! पोरं बाजूला झाली तशी मी सांगून टाकलं, "अप्पा, मला उपास नव्हता हो. एकही दिवस नव्हता."

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "लसणाच्या फोडणीचा वास यायचा की आतून."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मग तुम्ही तरी खायचं होतं! कशाला उपाशी राहिलात?"

"तिथं बसाया जागा न्हाई, अक्का. माझ्यापायी बाईमाणूस उभ्यानं जेवायलंय, अन् मी हितं खुर्चीत बसून खावं? घास उतरंना. घरला गेल्यावर खायचो कवा तरी." मग म्हणाले, "मोंढ्यात वीस जण एका फडक्याभोवती बसायचो. घरची मालकीण गेली, पोरं पुण्याला. तुम्ही या जेवायला म्हणालात, तर मला वाटलं, खरंच बोलावलं. चूक माझी हाय. रीत कळाया पायजे होती."

'चूक माझी हाय' म्हणे! मी उभी जळत होते आणि हा माणूस माझीच माफी मागत होता. त्यांनी भाकरी फडक्यात बांधल्या, पोरांना हात जोडले आणि जाता जाता म्हणाले, "उद्यापासनं मी तीनला येतो. तुम्ही बसून जेवत जावा."

दुसऱ्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. दोन वाजले, अडीच वाजले, पोटात कावळे ओरडत होते. बरोबर तीनला अप्पा आले. मी मोठ्यानं, सगळ्या पोरांसमोर म्हटलं, "अप्पा, थांबलेय तुमच्यासाठी. चला, जेवायला बसू. खरंच बोलावतेय."

ते घाबरल्यासारखे झाले. "अरारा, अजून जेवला न्हाईत व्हय! मी तर घरनं खाऊन आलो, अक्का. ठाव नव्हतं." मग पुस्तक उचललं, वही उचलली, आणि मला खाताना अवघड वाटू नये म्हणून खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसले.

मी डबा उघडला. त्या पाठीकडं बघत एक घास तोंडात घातला, तो काही केल्या गिळवेना.