सातव्या भागातला नळ

लेकीचा फोन आला तेव्हा सरांच्या अर्ध्या गालावर साबण होता.

"बाबा, आज आमच्या चाचणीत आपला नळ आला होता," लेक म्हणाली. ती दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून इंजिनिअरिंग शिकत होती.

"आपला नळ म्हणजे?"

"स्वयंपाकघरातला. ऐक. एका प्राध्यापकांच्या घरचा नळ तीन महिने गळत आहे. मिनिटाला चाळीस थेंब. वीस थेंबांचं एक मिलिलीटर धरा आणि वाया गेलेलं पाणी काढा. मी लिहिलं दोनशे एकोणसाठ लिटर."

"दोनशे एकोणसाठ पूर्णांक दोन," सर सवयीने म्हणाले. मग त्यांचा वस्तरा थांबला. "पण तो नळ आपला कशावरून?"

"प्रश्नाखाली छापलंय ना. संदर्भ, द्रवयांत्रिकी, भाग सात, बावीस मिनिटं चाळीस सेकंद. तू पाहिला नाहीस का तुझाच व्हिडिओ? इकडे सगळ्यांना पाठ आहे. मी कुणाला सांगितलं नव्हतं की ते माझे आईबाबा आहेत. पण परवा आई फोनवर बोलत होती, तो स्पीकरवर होता. खोलीतल्या पोरींनी आवाजावरूनच ओळखलं."

सरांनी तसाच साबण ठेवून कॉम्प्युटर उघडला.

आता जरा मागचं सांगायला हवं. सर एकतीस वर्षं द्रवयांत्रिकी शिकवत होते, म्हणजे पाणी नळांतून कसं वाहतं, कुठे अडतं, कुठे दाब घेतं, ते सगळं. पाठीमागची दोन बाकं त्या एकतीस वर्षांत कधी पूर्ण जागी नव्हती. पावणेदोन वर्षांपूर्वी विद्यापीठाने ठरवलं की शिक्षकांनी आपली व्याख्यानं रेकॉर्ड करून एका सामायिक पोर्टलवर टाकावीत, म्हणजे ज्या कॉलेजात त्या विषयाला माणूस नाही तिथे ती वापरता येतील. बाकीचे कुरकुरले. सरांनी मात्र मागच्या खोलीत फळा ठोकला आणि पदरमोड करून माइक आणून बत्तीस भाग रेकॉर्ड केले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सगळे एकगठ्ठा पोर्टलवर चढवले आणि पुन्हा म्हणून एकही पाहिला नाही. पडद्यावर स्वतःचा चेहरा पाहणं त्यांना सोसत नसे.

बावीस मिनिटं चाळीस सेकंदांवर पडद्यातले सर बोट उंचावून सांगत होते, "लक्षात ठेवा, गळती ही नळाची चूक नसते. ती माणसाच्या हलगर्जीपणाची खूण असते." तेवढ्यात मागचं दार उघडून बाई आत आल्या. बाई म्हणजे सरांच्या पत्नी. अंगात फिकट पडलेला गाऊन, हातात भरलेली बादली.

"झालं का बोलून? तो नळ तीन महिने गळतोय. बादल्या उपसून माझा हात कामातून गेला आणि तुम्ही इथे जगाला शहाणं करताय."

"अगं, रेकॉर्डिंग चालू आहे."

"असू दे. नळही चालूच आहे," बाई म्हणाल्या आणि दार ओढून निघून गेल्या. पडद्यातल्या सरांनी चष्मा पुसला आणि पुढचं समीकरण लिहायला घेतलं.

हा तुकडा कापायचा, असं त्यांनी त्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. ती चिठ्ठी अजून फळ्यामागे होती.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. गेल्या वर्षभरातल्या कितीतरी गोष्टींचा त्यांना आत्ता उलगडा झाला. परगावी तोंडी परीक्षा घ्यायला गेले होते, तिथला शिपाईसुद्धा त्यांना पाहून हसला होता आणि पाण्याचा ग्लास देताना "गळत नाही ना, सर?" म्हणाला होता. सातवा भाग नऊ हजार जणांनी पाहिला, बाकीचे जेमतेम दीडदोनशेंनी, हा आकडा तर त्यांनी स्वतःच जेवताना अभिमानाने सांगितला होता. "सातव्यात मी विषय फार सोपा करून मांडलाय," असं ते म्हणाले होते. बाईंनी त्यांना आणखी भात वाढला होता.

आणखी एक आकडा मात्र सरांना खरोखर प्रिय होता. पोर्टलवर प्रत्येक भागापुढे "शेवटपर्यंत पाहणारे" असा रकाना असे. बहुतेक भागांपुढे तिथे एक हाच आकडा होता. कुणीतरी एकच जण, रोज दुपारी दोन वाजता, पहिल्यापासून बत्तिसाव्यापर्यंत सगळं ऐकत आला होता. पोर्टलवर वेळ दिसे, नाव दिसत नसे. सर त्याच्याविषयी लेकीला फोनवर भरभरून सांगत. "एकतीस वर्षांत एक तरी भेटला बघ. नक्की कुणीतरी होतकरू मुलगा आहे."

"मुलगाच कशावरून?" बाईंनी तेव्हा आतून विचारलं होतं.

"अगं, एवढ्या नेटाने बसतो म्हणजे काय," सर म्हणाले होते, आणि विषय तिथेच राहिला होता.

त्यांनी ताबडतोब पोर्टलच्या कचेरीत फोन लावला. तिथे एक ताई बसत. त्यांचा आवाज सदा शांत असे.

"भाग सात काढून टाका," सर म्हणाले.

"तुमची प्रत काढते, सर. पण एकोणीस कॉलेजांनी आपापली प्रत करून घेतलीय. एकाने खाली शब्द लिहिलेत, म्हणजे ऐकू न येणाऱ्या मुलांना वाचता यावं. एकाने फक्त मॅडमचा तुकडा वेगळा काढलाय. गळतीचा धडा त्यानेच सुरू करतात."

"माझ्या परवानगीशिवाय?"

"परवानगी तुम्हीच दिलीय की. कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं, या चौकोनात खूण आहे तुमची."

तो चौकोन सरांनी वाचला नव्हता. त्यांनी कपाळाला हात लावला, तर हाताला वाळलेला साबण लागला.

"बरं झालं फोन केलात," ताई पुढे म्हणाल्या. "तुमचा अभ्यासक्रम समितीने सगळ्या कॉलेजांसाठी निवडलाय. पुढची पाच वर्षं तोच शिकवणार. फक्त एक अडलंय. ज्याचा आवाज आहे त्याची संमती लागते, आणि तुमच्या व्याख्यानात दुसरा आवाज आहे. शुक्रवारी पाचपर्यंत मॅडमची संमती हवी. नाही आली तर यादीतल्या पुढच्या सरांचा घेऊ."

पुढचे सर म्हणजे कोण ते सरांना ठाऊक होतं. ते पुस्तक तोंडापुढे धरून वाचत, आणि पानाचा नंबरसुद्धा वाचत.

"तो तुकडाच कापला तर?"

"समितीने तो पाहूनच निवड केलीय, सर. मॅडमचं पोर्टलवर खातं असेल तर एका बटणाचं काम आहे. नसेल तर कागदावर सही घेऊन त्याचा फोटो पाठवा."

"तिचं कुठलं खातं असायला," सर म्हणाले आणि त्यांनी फॉर्म छापून घेतला.

सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आपण गेलो की फळा पुसतात तसे आपणही पुसले जाणार, हे त्यांना आतून खात होतं. पहिल्यांदाच आपलं काही मागे राहील अशी वेळ आली होती, आणि ती एका सहीवर अडली होती. पण सही मागायची म्हणजे बाईंना सांगायला हवं, की तुझा गाऊन आणि तुझी बादली एकोणीस कॉलेजांत पोचलीय आणि मुलं हसताहेत. लग्नाआधी बाई विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होत्या. लग्न होताच सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि ते शिक्षण सुटलं ते सुटलंच. सरांचे सहकारी घरी आले की त्या अजूनही चहा देऊन आत जात. त्यांना हे लागेल, फार लागेल, असं सरांना वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यांना भीतीही वाटत होती.

म्हणून ते बुधवारी आणि गुरुवारी मूग गिळून बसले. शुक्रवारी दुपारी त्यांनी तो फॉर्म विजेच्या बिलाच्या अर्जाखाली सरकवून बाईंपुढे धरला. "इथे एक सही कर. आणि इथेही एक. नेहमीचंच आहे."

बाईंनी चष्मा लावला. त्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा पुरतं वाचणाऱ्या होत्या.

"दुसरा आवाज म्हणजे मी का?"

सरांची ततपप झाली. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, चाचणीतला प्रश्न, एकोणीस कॉलेजं, शुक्रवार, पाच वाजता, सगळं. बाई ऐकत होत्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत, हे पाहून सरांना जास्तच धास्ती वाटली.

"मिनिटाला चाळीस धरलेत का त्यांनी?" बाईंनी शेवटी विचारलं. "चौपन्न आहेत. मी मोजलेत. आणि तीन महिने तेव्हा होते, आता दोन वर्षं झाली. सही करते मी. पण आधी नळ."

"अगं, पाचला मुदत संपते. आता चार वाजून गेलेत."

"मग लागा की कामाला. प्लंबरला तर तुम्ही घरात येऊ देत नाही."

हे खरं होतं. द्रवयांत्रिकीच्या डॉक्टराच्या घरात प्लंबर शिरलेला दिसला तर लोक काय म्हणतील, म्हणून सर दोन वर्षं "येत्या रविवारी मीच करतो" म्हणत आले होते. त्यांनी पाना कधी हातात धरला नव्हता. शेजाऱ्यांकडून तो मागून आणला, बाह्या दुमडल्या, फॉर्म ओट्यावर ठेवला आणि नळाचं डोकं पकडून जोर लावला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा पाना निसटून सरांच्या गुडघ्यावर बसला. तिसऱ्यांदा नळाचं डोकं त्यांच्या हातात आलं आणि पाण्याची धार थेट छताला लागली. सरांनी तिथे तळहात दाबला, तर ती दोन बाजूंनी फुटून चष्म्यावर आली. अर्धवट अडवलेल्या वाटेने पाणी दुप्पट जोराने का येतं, हे त्यांना शब्दन्‌शब्द माहीत होतं. ते कसं थांबवायचं, ते मात्र अजिबात सुचेना.

"अगं, फडकं आण, फडकं," ते ओरडले.

बाईंनी फडकं आणलं नाही. त्या वाकल्या, ओट्याखालच्या कपाटात हात घातला आणि कसलीशी चक्री चार वेळा फिरवली. धार खाली बसली आणि बंद झाली. मग त्यांनी फडताळातून एक पुडी काढली, तिच्यातली रबराची चकती जुन्या चकतीच्या जागी बसवली, सरांच्या हातातून पाना घेतला आणि नळाचं डोकं घट्ट केलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. चक्री उघडल्यावर दोघं नळाकडे पाहत उभे राहिले. एकही थेंब पडला नाही.

"दाबाखालच्या जोडाला हात लावण्याआधी प्रवाह तोडावा," बाई हात पुसत म्हणाल्या. "नवव्या भागात तुम्हीच सांगितलंय."

"नवव्या भागात," सर म्हणाले. त्यांच्या सदऱ्यातून पाणी निथळत होतं.

"चकती आणून ठेवून वर्ष झालं. पण तुम्ही म्हणाला होतात ना, मी करतो. म्हटलं, बघू या कधी करताय."

सरांना काहीतरी कळत होतं, पण पुरतं कळायच्या आधी त्यांची नजर ओट्यावर गेली. फॉर्मचा लगदा झाला होता. घड्याळात पाचला दहा कमी होते आणि छापणारं दुकान चौकाच्या पलीकडे होतं.

"गेलं," सर खुर्चीवर बसले. "घेऊ दे त्यांना तो पानं वाचणारा."

बाईंनी गाऊनच्या खिशातून फोन काढला, पोर्टल उघडलं, दोन ठिकाणी बोट टेकवलं आणि फोन सरांपुढे धरला. संमती नोंदवली गेली आहे, असं हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं. वर बाईंचं नाव होतं. खाली त्यांनी पाहिलेल्या व्याख्यानांची यादी होती. एकपासून बत्तीसपर्यंत प्रत्येकापुढे बरोबरची खूण, आणि प्रत्येकापुढे वेळ तीच, दुपारी दोन.

सर ती यादी खालपर्यंत वाचत गेले आणि पुन्हा वर आले. त्यांना फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

"मला का नाही सांगितलंस?" ते म्हणाले.

"तुम्ही त्या होतकरू मुलाचं एवढं कौतुक करत होतात. म्हटलं, कशाला हिरमोड करा." बाई जमीन पुसायला लागल्या. "दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा पुढे हाच विषय होता माझा. बरं शिकवता तुम्ही. जरा भरभर बोलता."

सरांनी त्यांच्या हातातून पोछा घेतला आणि उरलेली जमीन स्वतः पुसली. तेवढ्यात ताईंचा निरोप आला की संमती पोचली आणि अभ्यासक्रम पक्का झाला.

"आणि हो," बाई म्हणाल्या. "चौदाव्या भागात शेवटच्या ओळीत उणे चिन्ह सुटलंय. एकोणीस कॉलेजांत चुकीचं जातंय ते."

सरांनी जाऊन पाहिलं. सुटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चौदावा भाग नव्याने रेकॉर्ड केला. खोलीचं दार उघडं ठेवलं होतं. उणे चिन्ह ठळक काढलं आणि बावीस मिनिटं झाल्यावर ते थांबले, दाराकडे पाहिलं. कुणी आलं नाही.

"अगं," त्यांनी माइक चालू असतानाच हाक मारली, "काही विचारायचंय का?"

"आधी चढवा तिकडे," बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "दोन वाजता बघते."