चष्म्याभोवतीची चौकट

मास्तरांचा चष्मा पुन्हा हरवला, तेव्हा त्यांच्या बायकोनं एक काळी दोरी आणून टेबलावर ठेवली.

"अहो, हिला चष्मा बांधायचा आणि गळ्यात अडकवायचा. विषय संपला."

"दावं गुरांना बांधतात," मास्तर म्हणाले. जन्मभर पोरांना शिस्त लावलेला माणूस असं दावं घालून कोपऱ्यावरच्या दुकानात कसा जाणार?

सून मदतीला धावली. यंत्रांना चित्रातल्या वस्तू ओळखायला शिकवणं हा तिचा पोटापाण्याचा धंदाच होता. "बाबा, आपण फोनलाच चष्मा शोधायला शिकवू. फोटो दाखवायचे आणि प्रत्येकात चष्म्याभोवती चौकट आखायची. फक्त फोटो पुष्कळ हवेत हं."

"फोननं शोधला तर दोरी गुंडाळून ठेवीन," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर गळ्यात!"

पुष्कळ फोटो आणायचे कुठून? सासूबाई हरवलेला चष्मा शोधून "हा घ्या!" म्हणत उंच धरायच्या, तेवढ्यात सून फोटो काढायची. असे जेमतेम मूठभर जमले. "शिकवणं माझ्याकडे लागलं," म्हणत मास्तरांनी हौसेनं चौकटी आखल्या.

परीक्षेच्या दिवशी सुनेनं चष्मा खिडकीत ठेवला. मास्तर फोन धरून घरभर फिरले. खिडकीपाशी फोन ढिम्म. तेवढ्यात सासूबाईंनी चहाचा कप पुढे केला आणि फोन ओरडला, "चष्मा सापडला!"

"कुठाय?" सासूबाईंनी कप ठेवून रिकामा हात दाखवला.

"चष्मा सापडला!"

हात पाठीमागे नेला की फोन गप्प, पुढे आणला की सुरू.

"मेला माझ्या हातावरच टपलाय!"

सुनेनं फोटो उघडले. सगळ्या चौकटी सासूबाईंच्या पंजाभोवती नीट बसल्या होत्या. चष्मा बिचारा चौकटीबाहेर.

"बाबा, चौकटी आखताना चष्मा घातला होता ना?"

मास्तर छताकडे बघू लागले. "तेव्हा तो हरवला होता. बोललो असतो तर दोरी आली असती."

सासूबाईंनी दोरी उचलली. मास्तरांनी निमूट मान पुढे केली, पण शिक्षकाचा स्वभाव जाईना. "पोराला बोल लावू नका. जे शिकवलं तेच त्यानं घोकलं. पुन्हा शिकवू."

"आणि आई, इतक्यात दोरी नको," सून म्हणाली. "फोटोत दोरी आली तर तो दोरीच शोधत बसेल. आता चष्मा जागोजागी नुसता पडलेला हवा."

चष्मा टाकून येणं हे आता मास्तरांचं कर्तव्यच झालं, आणि त्यात त्यांचा हात कोण धरणार? बुटात, नळावर, बटाट्यांच्या टोपलीत. फोटोंचा ढीग जमला. या खेपेला चौकटी मास्तरांनी चष्मा घालून, सुनेला शेजारी बसवून आखल्या. फोन असा तयार झाला की टोपलीतून चष्म्याची नुसती काडी दिसली तरी ओरडायचा.

सासूबाईंनी शब्द पाळला, दोरी गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी चष्मा हरवला.

"शोधा की फोननं."

"शोधतो ना," मास्तर उशी उलटी करत म्हणाले. "फोन कुठं ठेवलाय, पाहिलास?"

संध्याकाळी मास्तर दुकानात निघाले. चष्मा नाकावर अगदी मोकळा होता. गळ्यातल्या काळ्या दोरीला फोन लोंबत होता.