कोपऱ्यातलं नाव

टिडमार्शच्या कारखान्यात हेस्टर प्लकरोज अकरा वर्षं लाकडी ठोकळ्यांवर चित्रं कोरत होती. डोळे तिचे शिणत होते, पाठ तिची मोडत होती आणि प्रत्येक ठोकळ्याच्या कोपऱ्यात नाव मात्र टिडमार्शचं. लंडनच्या सगळ्या कारखान्यांत हीच रीत होती, म्हणून ती काही न्याय्य ठरत नव्हती.

लोकवर्गणीतून बसवलेल्या नव्या पाणपंपाच्या उद्घाटनाचं, साप्ताहिकात छापायचं चित्र समारंभाआधीच कोरून तयार होतं. अंक वेळेवर निघायचा तर दुसरा इलाज नसे. चित्रात नगरपिते गॅमिज ओंजळीत पाणी घेत होते आणि लोक टोप्या उडवत होते. समारंभात मात्र पंपातून थेंबही आला नाही.

"पाणी काढून टाक," टिडमार्श म्हणाला.

हेस्टरनं तेवढ्या जागी गिरमिटानं भोक पाडलं, लाकडाची खुंटी ठोकली आणि नव्यानं कोरलं. आता गॅमिज पंपापुढे भीक मागताना दिसू लागले.

"मग हात खिशात घाल त्यांचे."

"मालक, बरं नाही दिसणार ते."

"तुला विचारलंय का?"

तिनं हात खिशात घातले. छापखान्याचा माणूस ठोकळा न्यायला दारात उभा होता, तेवढ्यात गॅमिज स्वतःच आले. कागदावर काढलेला ठसा पाहून ते लालबुंद झाले.

"लोकांची वर्गणी मी खिशात घालतोय, आणि लोक टोप्या उडवतायत? कुणाचं काम हे?"

"हिचं," टिडमार्शनं लगेच सांगितलं. "आजच कामावरून काढून टाकतो हिला, साहेब."

हेस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काढा ना. पण खाली नाव तुमचं आहे, मालक. लोक शिव्या तुम्हालाच घालतील."

"मग हिचंच नाव घाला," गॅमिज गरजले. "कळू दे सगळ्यांना."

टिडमार्शनं घाईघाईनं मान हलवली. चित्र बदलायला वेळ नव्हता, नाव बदलण्यापुरता होता. हेस्टरनं कोपऱ्यातला टिडमार्श उखडला, खुंटी ठोकली आणि उलट्या अक्षरांत सावकाश स्वतःचं नाव कोरलं. छापखान्याचा माणूस पाय आपटत राहिला. मग ती टोपी घालून घरी गेली.

शनिवारी अंक दुपारच्या आत संपला. वर्गणी दिलेल्या दुकानदारांनी ते चित्र आपापल्या काचांवर चिकटवलं. सोमवारी टिडमार्श ठोकळा काखेत मारून, धापा टाकत तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पोचला.

"हेस्टर, पुन्हा छापायचंय. तेवढं माझं नाव परत बसव बाई. उद्यापासून कामावरही ये."

हेस्टरनं चहाचा घोट घेतला आणि गिरमिट त्याच्यापुढे सरकवलं.

"भोक तुम्हीच पाडा. ठोकळा फुटला, तर सांगा लोकांना कुणाचं काम ते."

टिडमार्शनं गिरमिट उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे धरतात कुठून?"